धाकट्याचा हात

वांग्यांच्या सऱ्यांत पाणी पोचलं तेव्हा बांधावर पुढारी उभा होता. चिखल लागू नये म्हणून चपला हातात.

"अंदाज्या, उद्याच्या बैठकीत रस्त्याचं काय होईल रे?"

अंदाज्याने फावड्याने पाटाचं तोंड फोडलं. गावात मत द्यायची वेळ आली की पुढारी असाच यायचा. कोण कुठे हात वर करणार ते इथून ऐकून जायचा आणि बैठकीत जिंकणाऱ्या बाजूने सगळ्यांच्या आधी बोलायचा.

"शिंप्याला ज्याने शेवटचं चांगलं म्हटलं, त्याचा तो," अंदाज्या म्हणाला. "गिरणीवाला घाबरट. त्याला एकटं पडायचं नसतं."

"तुझ्यापुढे बोलायची चोरी झाली आहे बाबा. लोक तोंड शिवून बसतात."

ते खरं होतं. अंदाज्या पारावर टेकला की गप्पा थांबायच्या. बायको गेल्यापासून तो विहिरीजवळच्या खोलीत राहायचा आणि म्हशीशी बोलायचा. तिच्या मनातलं ओळखलं तरी तिला राग येत नसे.

रस्ता एकतर माळावरून जाणार होता, नाहीतर त्याची विहीर बुजवून. ती विहीर नवरा-बायकोने मिळून खणलेली. ती गेली की वांगी गेली, म्हैस विकावी लागणार.

"पंच निम्मे इकडे, निम्मे तिकडे," पुढारी म्हणाला. "राहिला तुझा धाकटा भाऊ."

"तो माझ्या उलट जाणार. मी दिवस म्हटलं की तो रात्र म्हणतो."

आई गेली तेव्हा तिच्या उशाशी कोण बसलं नाही, यावरून भावांचं बोलणं तुटलं होतं. तेव्हापासून बैठकीत थोरला ज्याला हो म्हणेल त्याला धाकटा नाही म्हणे. एकदाही चूक नाही. अंदाज्याने त्याच भरवशावर बेत केला.

दुसऱ्या दिवशी त्याने बैठकीत उभं राहून सांगितलं, "रस्ता माझ्या विहिरीवरून न्या. माझी हरकत नाही."

"खुळावलास का?" शिंपी ओरडला.

हात वर झाले, मोजले गेले, बरोबरीत अडले. पुढारी कधी नव्हे तो गप्प. सगळे धाकट्याकडे बघायला लागले. त्याने टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली.

"दादा आजवर गावाकडे नुसता बघत आला," तो म्हणाला. "आज पहिल्यांदा काहीतरी देतो म्हणतोय. मी आडवा आलो तर आई मला माफ करणार नाही. विहिरीवरूनच न्या."

आणि त्याने हात वर केला.

अंदाज्याचं तोंड उघडलं. थांबा म्हणायला एक क्षण होता. पण थांबा म्हटलं की का, ते सांगावं लागलं असतं. सगळ्यांदेखत, त्या वर केलेल्या हातासमोर. त्याने तोंड मिटलं.

बाहेर धाकट्याने त्याचा दंड धरला. "चल, जेवायला. वहिनी गेल्यापासून हातानेच रांधतोस. बाकीच्या गोष्टी नंतर."

धाकट्याच्या घरात तो कित्येक वर्षांनी पाटावर बसला. भावजय न विचारता वाढत गेली. धाकटा विहिरीचेच गोडवे गात होता. पाणी किती गार होतं, लहानपणी तिथे कसं पोहायला शिकलो असतो, तेव्हा असती तर. मग घास हातात तसाच ठेवून तो थांबला.

"खरं सांग दादा. तुला सगळ्यांच्या मनातलं कळतं. मी आज काय करणार, ते तुला ठाऊक होतं ना?"

"होतं," अंदाज्या म्हणाला.

धाकट्याने मांडीवर थाप मारली आणि आत ओरडून सांगितलं, "ऐकलंस ना गं? मी म्हटलं नव्हतं? दादा मला ओळखून आहे!"

अंदाज्या ताटाकडे बघत जेवत राहिला.