किल्ली वर, माणूस खाली

अणुवीज केंद्राच्या पंपघरात ताईचा राग सगळ्यांना ठाऊक होता. नाकाच्या शेंड्यावरच असायचा. त्या दिवशी मात्र तो थेट हातात उतरला.

केंद्र थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढणारा एक पंप बंद होता. त्याच्या तोंडावरच्या जाळीत जेलीफिश अडकून चिखल झाला होता आणि तो काढायला तिचा धाकटा भाऊ, पाणबुड्या, खाली उतरला होता. नियम साधा: उतरणाऱ्याने पंपाच्या बटणाला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली गळ्यात घालून जायचं. किल्ली वर दिसली म्हणजे माणूस वर आला. पण या धांदरटाने आधीच्या किल्ल्या समुद्राला वाहिल्या होत्या. "ताई, तूच ठेव गं," म्हणाला, आणि तिने लाडाने टेबलावर ठेवली.

पंप बंद म्हणून केंद्र निम्म्याच ताकदीने चाललं होतं. तिकडे शहर उकाड्याने हैराण, इकडे फोनवर फोन. वीज येते कुठून हे शहराला ती गेल्यावरच आठवतं! साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

ताई बाहेर कठड्यावरून डोकावून परतली, तर उघडं कुलूप साहेबांच्या एका हातात, दुसऱ्या हाताचा अंगठा बटणाकडे.

तिने तो हात असा हिसडला की साहेब खुर्चीवर आदळले.

"माझा भाऊ खाली आहे!"

"पण... किल्ली तर वर होती!" साहेब पांढरेफटक पडले.

"विचारायला तोंड नव्हतं? शहरातले पंखे फिरावेत म्हणून माणूस जाळीत ओढणार?"

ती घसा बसेपर्यंत ओरडली. पण किल्ली वर होती, हे खरंच होतं. साहेबांनी घाई केली. नियम मोडला होता तिने. हे कळल्यावर राग निवळला नाही, दुप्पट झाला.

तेवढ्यात भाऊ वर आला, दात काढत. "अर्धी जाळी बाकी आहे अजून."

फाडकन एक बसली. मग ताईने आपल्या ओळखपत्राची दोरी काढली, किल्ली ओवली आणि त्याच्या गळ्यात गाठ मारली.

"किल्ली गेली तर कुलूप तोडता येतं, गाढवा. तू गेला असतास तर आईला काय सांगणार होते मी? टेबलावर ठेवली होती म्हणून?"

गाल चोळत त्याने साहेबांच्या हातातलं उघडं कुलूप पाहिलं. त्याचं हसू मावळलं. ते घेऊन त्याने बटणाला लावलं आणि तो पुन्हा उतरला.

फोन वाजला. साहेबांचा हात पुढे होईना. ताईनेच उचलला.

"थांबा!" ती ओरडली. "माणूस खाली आहे."