साफ केलेले बांगडे

कुरोइवाने दोन वर्षं ऑफिसात एकच थाप चालवली होती, की तो मासेमारीला जातो. एकाआड एक शुक्रवारी तो रजा टाकी, मात्सुमोतोहून गाडी काढून डोंगरांमधून खाली इतोइगावाच्या किनाऱ्यावर उतरे आणि सोमवारी बर्फाच्या पेटीत बांगडे घेऊन कामावर हजर होई. रजा घेणाऱ्याने परतल्यावर काहीतरी खायला आणायचं आणि टेबलाटेबलापाशी वाकून "तुम्हाला त्रास झाला" असं म्हणायचं, ही तिथली रीत. बाकीचे मिठाईचे डबे आणत, कुरोइवा मासे आणी. डोंगरातल्या गावात ताजा बांगडा मिळत असेल तर कोण तक्रार करणार?

खरं म्हणजे इतोइगावाला त्याची आई होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, खुब्याचं हाड मोडून बरी झालेली, पण चुलीवर पाणी ठेवल्याचं विसरणारी. बहीण परदेशात. बायकोशी फारकत होऊन बरीच वर्षं झालेली. सोमवार ते गुरुवार वृद्धांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्राची गाडी आईला घेऊन जाई आणि संध्याकाळी मदतनीस बाई येऊन जेवण देई. उरलेलं कुरोइवाचं होतं; रजा नसलेल्या आठवड्यात तो शुक्रवारी रात्री निघे. अंघोळ, नखं, औषधांच्या पुड्या, न्हाणीघरातले दांडे, बँक, आणि चादरी.

कंपनी दुधाच्या डेऱ्यांना पंप पुरवी. एका गिऱ्हाइकामागे एक माणूस, अशी तिथली कामाची पद्धत. कुठल्या डेरीत कुठला पंप कधी कुरकुरतो, हे त्या एका माणसाच्या डोक्यात असे आणि फोन थेट त्याच्याच खिशात वाजे. कुरोइवाने आईची पाठ चोळताना फोन घेतलेले होते. पलीकडच्याला तो म्हणे, "लाटांचा आवाज आहे, जरा मोठ्याने बोला."

सप्टेंबरच्या शेवटी खात्याचे प्रमुख तोकिता साहेब त्याच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"कुमामोतोच्या नव्या कारखान्यात विभागप्रमुख हवाय. तीन वर्षांसाठी. मला सोमवारी नाव द्यायचंय."

"हो, साहेब."

"तुझंच नाव डोक्यात आहे. पण इथे नको बोलायला. शनिवारी मला मासेमारीला घेऊन चल. तिथे निवांत बोलू."

पलीकडच्या टेबलावरच्या हिशेबनीस नोझुए बाईंनी मान वर न करता म्हटलं, "साहेब, गरम कपडे घ्या. आणि कुरोइवा-सानना नक्की विचारून घ्या, तिघांना जागा आहे ना ते."

"तिघं कोण?"

"मी आपलं म्हटलं."

दोन-तीन जण खाली बघून हसले. समुद्रकिनारी कुरोइवाची कुणीतरी बाई आहे, अशी ऑफिसात कुजबुज होती, आणि ती कुरोइवालाही ठाऊक होती. त्याने ती खोडून काढली नव्हती. बाई असली तर लोक हसतात; घरी आजारी माणूस असलं की लोक हळहळतात, आणि या ऑफिसातली हळहळ काय करते ते त्याने पाहिलेलं होतं.

कुमामोतो म्हणजे देशाचं दुसरं टोक. त्या कंपनीत बदलीला नाही म्हणणं म्हणजे नोकरी सोडल्यातच जमा होतं. बदलीचा हुकूम आला की राजीनामा द्यायचा आणि इतोइगावाला जाऊन राहायचं, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. बावन्नाव्या वर्षी तिथे दुसरं काम मिळणार नाही, हेही त्याला कळत होतं.

शनिवारसाठी त्याने केंद्रात खास विनंती करून आईची सोय केली. मग गाडीच्या डिकीतून गळाची काठी काढून पाहिली. थाप खरी वाटावी म्हणून कधीकाळी घेतलेली.

बंदराच्या धक्क्यावर वारा होता. तोकिता साहेबांनी आपलं सामान मांडलं, आमिषाची पिशवी भरली, गळ टाकला आणि शेजारी पाहिलं. कुरोइवा काठीच्या दोरीच्या चाकावरचं पातळ प्लास्टिक नखाने सोलत होता. दुकानदार नव्या मालावर घालतात ते.

"नवीन घेतलंस?"

"हो... म्हणजे, जुनं मोडलं."

"काठी उलटी धरलीयेस."

कुरोइवाने काठी सुलटी केली.  थोड्या वेळाने साहेबांनी एक बांगडा ओढून वर घेतला, बादलीत टाकला आणि समुद्राकडे बघत म्हणाले, "तू आणलेले बांगडे माझी बायको भाजते. गेल्या वर्षी तिने विचारलं, तुमचा हा माणूस मासे पोट साफ करून, धुऊन, कल्ले काढून कसा आणतो? मी म्हटलं, टापटिपीचा आहे. धक्क्यावर एवढं कुणी करतं का रे?"

कुरोइवाच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. कोळीणबाई प्रत्येक वेळी विचारी, साफ करून देऊ? आणि तो हो म्हणे. लोकांना त्रास दिल्याची भरपाई म्हणून मासे न्यायचे आणि तेच साफ करायचा त्रास पुन्हा त्यांनाच द्यायचा, हे त्याच्याने झालं नसतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. केंद्राच्या गाडीचा चालक होता.

"कुरोइवा-सान, तुमच्या आई गाडीत बसेनात. अंगणातल्या बाकावर बसून राहिल्यात. म्हणतात, आज माझा मुलगा यायचा दिवस, मी कुठे जाणार नाही. मला पुढे अजून दोघांना घ्यायचंय हो."

वाऱ्यामुळे चालक ओरडून बोलत होता. साहेबांना सगळं ऐकू गेलं. तुम्ही निघा, मी येतो, असं सांगून कुरोइवाने फोन बंद केला आणि ताठ उभा राहून कमरेत वाकला.

"साहेब, मी..."

"आधी सामान उचल," तोकिता म्हणाले. "लांब आहे का घर?"

घर गाडीने पाच मिनिटांवर होतं. त्याची आई, तोमी आजी, बाकावर बसल्या होत्या, चांगला कोट घालून, मांडीवर पर्स. मुलाला पाहून त्यांनी पर्सचा खटका लावला.

"उशीर केलास हितोशी. हे कोण?"

"माझ्या ऑफिसातले साहेब, आई."

आजींनी साहेबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "याने काही घोळ घातला का?"

"नाही आजी. चांगलं काम करतो."

"मग घरापर्यंत कशाला आलात? शाळेतले मास्तरसुद्धा घरी आले की मी समजायचे, काहीतरी घोळ आहे." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "माझ्यापायी त्याची नोकरी तर जात नाही ना?"

तोकिता साहेबांनी हातातली बादली खाली ठेवली. आजींनी मग बादलीतल्या बांगड्याबद्दल विचारलं. हा साफ कोण करणार?

तो साहेबांनीच साफ केला. कुरोइवाने तोवर रात्रीच्या ओल्या चादरी धुवायला लावल्या, आईची औषधं दिली, तिला भाताची पेज भरवली. दुपारी ती झोपल्यावर दोघं पडवीत बसले. दोरीवर चादरी फडफडत होत्या.

"दोन वर्षं," साहेब म्हणाले. "मला सांगायला काय झालं होतं? अशा कामासाठी कायद्याने रजा आहे. कंपनीच्या नियमांतही आहे."

"आहे ना. कुणी घेतलीये?"

साहेबांनी चहाचा पेला हातात घेतला.

"आपल्या खात्यातल्या हिरोसेने सांगितलं होतं साहेब. बायकोचं आजारपण. तुम्हालाच सांगितलं होतं."

"आणि मी त्याला सांभाळूनच घेतलं. त्याच्यावर ताण नको म्हणून त्याची मोठी गिऱ्हाइकं दुसऱ्यांकडे दिली. बाहेरगावचे दौरे बंद केले. त्याचं ओझं कमी केलं मी."

"ओझं घरी होतं. ते तसंच राहिलं," कुरोइवा म्हणाला. तो साहेबांशी इतकं सलग कधी बोलला नव्हता, पण राजीनामा द्यायचाच म्हटल्यावर जिभेवरचं वजन उतरलं होतं. "ऑफिसात त्याला बरं वाटायचं ते त्या कामामुळे. तेच तुम्ही काढून घेतलंत. शेवटी शेवटी तो दिवसभर जुन्या पावत्या चाळत बसायचा. कुणी त्याला वाईट बोललं नाही. सगळे इतके हळू आवाजात बोलायचे की त्यालाच लाज वाटून तो गेला."

तोकितांनी चहाचा पेला खाली ठेवला. 

"बरं," ते म्हणाले. "काय करायचं ते मला कळत नाही, असं धर. तुला काय हवं?"

हा प्रश्न कुरोइवाला कुणी कधी विचारला नव्हता. तो चादरींकडे पाहत एकेक शब्द जुळवू लागला. "माझ्या डेऱ्या माझ्याकडेच राहू देत. पण प्रत्येक डेरीचं काम आणखी एकाला माहीत हवं. आईला अंघोळ घालताना मला फोन घ्यायला लागू नये. शुक्रवारी मी इथून काम करेन, पंपांचे नकाशे इथेही बघता येतात. आणि कुमामोतो नको."

"दोन माणसं एका गिऱ्हाइकामागे म्हटलं की वरचे ओरडतील. खर्च दुप्पट म्हणतील."

"माझ्या डेऱ्यांचं फक्त मलाच माहीत आहे. मी राजीनामा दिला तर किती खर्च येईल, तेही त्यांना सांगा."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. "राजीनामा देणार होतास?"

"सोमवारी. तुम्ही नाव दिलंत की."

"मी वचन देत नाही," तोकिता उठत म्हणाले. "तुझं नाव मात्र देणार नाही. ते माझ्या हातात आहे. बाकीचं भांडून बघतो."

सोमवारी सकाळच्या सभेत रोजच्यासारखे सगळे उभे होते. त्या सभेत पाळीपाळीने एकाने चार शब्द बोलायचे असत. पाळी दुसऱ्याची होती, पण कुरोइवाने ती मागून घेतली. पेटी पायाशी ठेवून तो म्हणाला, "मला मासे पकडता येत नाहीत. हे मी दुकानातून आणतो."

"ते ठाऊक आहे," नोझुए बाई म्हणाल्या. "पोट साफ केलेला मासा कुणाच्या गळाला लागतो?"

"मग बाईचं खरं का?" मागून कुणीतरी विचारलं.

"आहे," कुरोइवा म्हणाला. "चौऱ्याऐंशीची आहे. माझी आई."

आधी हशा पिकला, मग तो हळूहळू विरला. कुरोइवाला याच शांततेची भीती होती. आता आवाज हळू होतील. पण तोकिता साहेब नेहमीच्या खणखणीत आवाजात बोलले. आजपासून कुरोइवाच्या डेऱ्यांवर दुसरं नाव मोरिशिताचं. याच आठवड्यात त्याने सगळ्या डेऱ्या कुरोइवाबरोबर हिंडून बघायच्या. मुख्य मालकाने काल फोनवर वर्षअखेरपर्यंत करून पाहा म्हटलंय, नाराजीनेच. आणखी कुणाला घरचं काही असेल तर माझ्याकडे या. काम काढून घेतलं जाणार नाही. मागे एकदा मी ते केलं होतं. चुकलं.

कुणी पुढे झालं नाही. सभा संपली. नोझुए बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "दर बुधवारी मी दाताच्या डॉक्टरकडे म्हणून जाते, त्याचं काय करू?" त्यांनी विचारलं. "सासऱ्यांना इस्पितळात रक्त शुद्ध करायला न्यावं लागतं. माझे दात कधीच संपलेत."

कुमामोतोला दुसरा माणूस गेला आणि विभागप्रमुख झाला. कुरोइवा होता तिथेच राहिला. ते त्याला थोडं लागलं, आणि लागलं नाही असं त्याने कुणाला सांगितलंही नाही.

नोव्हेंबरमधल्या एका शुक्रवारी तो आईच्या घरी लॅपटॉप मिटून तिला न्हाणीघरात घेऊन गेला. फोन स्वयंपाकघरात ठेवला. पाठ चोळून झाली, केस धुऊन झाले, तरी फोन वाजला नाही. त्याला चैन पडेना. आईला कपडे घालून, शेगडीशी बसवून त्याने ऑफिसला फोन लावला.

"काही आलं होतं का?"

"ओमाचीच्या डेरीतून आला होता," नोझुए बाई म्हणाल्या. "मोरिशिता गेलाय. पंप सुरू झाला."

"कुठला? जुन्या पंपाची झडप डावीकडून..."

"त्याला माहीत आहे. तुम्हीच दाखवलीत ना? ठेवा आता. आणि सोमवारी माफी मागत टेबलाटेबलाला फिरू नका, साहेबांनी बंद केलंय ते."

"मग मासेही नकोत?"

"मासे कोण नको म्हणतंय?" त्या म्हणाल्या. "साफ करून आणा."