कोठीतलं हसू

विज्ञानाच्या बाईंचा नियम होता: वर्गात हसायचं नाही. हसू अगदीच आवरेना, तर त्या शेजारच्या कोठीत जाऊन सांगाड्यासमोर पोट धरून हसत आणि सुतकी चेहरा करून परतत. या कसरतीला कंटाळून आता त्या नोकरीच सोडायच्या बेतात होत्या.

आज त्यांनी विचारलं, "मेंदू चालेनासा झाला, तर माणसाचं काय होतं?"

"त्याला मॉनिटर करतात, बाई!" मागून एकजण म्हणाला.

बाई कोठीकडे धावल्या. दाराला कुलूप! मग तिथेच, सगळ्या पोरांदेखत, त्यांना जे हसू फुटलं ते थांबेचना. वर्ग आधी घाबरला, मग खिदळला. मॉनिटर सगळ्यांत जास्त.

घंटा झाली. गणिताचे सर दारात आले.

"थांबा हो जरा," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "आत्ता कुठे रंगात आलेय मी."