काचघराची खिडकी

आमच्या गच्चीवरचं काचघर म्हणजे जुन्या खिडक्यांची तावदानं जोडून केलेली खोलीवजा पेटी. ताठ उभं राहिलं की डोकं छपराला लागतं. त्यात सध्या एकच जीव महत्त्वाचा, सासूबाईंच्या गुलाबाची काडी. मूळ झाड त्यांच्या मागोमाग महिन्याभरात वाळलं. मी त्याच्या तीन काड्या लावल्या, त्यातल्या दोन कुजल्या. ही गेली की त्यांच्या हातचं या घरात काही उरणार नाही.

सकाळी मी छपराची खिडकी चार बोटं उघडते, पाणी फवारते, तापमापक बघते आणि कामावर जाते. संध्याकाळी येऊन बघावं तर खिडकी बंद, काचांवर घाम, आत जीव गुदमरतो. पहिल्या दिवशी वाटलं, मीच विसरले. दुसऱ्या दिवशी वाऱ्यावर ढकललं. तिसऱ्या दिवशी खिडकी दोरीने बांधली, तर दोरी नीट गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली. वारा दोऱ्या गुंडाळतो का हो? डोकं भणभणलं माझं.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणे, भुताटकी असेल. वर हसला. मग त्याचाच संशय आला, दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. आकडा फार चढलेला दिसायचा म्हणून तापमापकही बदलला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! नवाही तेच आकडे दाखवायला लागला. काडीच्या बुडाशी बुरशीचा पांढरा ठिपका दिसला, तेव्हा मात्र रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी मी दुपारीच घरी आले. गच्चीवर सासरे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, असं आम्ही आल्यागेल्याला सांगतो. ते खिडकी लावून खिट्टी पुन्हा पुन्हा तपासत होते.

मला भांडायचंच होतं. "बाबा, रोज तुम्हीच लावता का ही?"

"उघडी राहते ना," ते म्हणाले. "तिला वारा सोसत नाही."

थंड वाऱ्याने सासूबाईंचा खोकला उसळायचा. चाळीस वर्षं झोपण्याआधी घरातली एकूण एक खिडकी तेच लावायचे. मी रोज बघत आले होते, तरी डोक्यात आलं नाही. आता यांच्यावर रागवू कशी आणि समजावू तरी काय! शेवटी ठिपका दाखवला. कोंडलं की असं होतं, हिला थोडा वारा लागतो, एवढंच म्हटलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावून तो ठिपका बराच वेळ पाहिला.

"माझ्यामुळे?"

मी नाही म्हणाले. खोटंच, पण म्हणाले.

"किती उघडी ठेवू?"

"चार बोटं. चार वाजेपर्यंत."

आठवडा झाला. ठिपका पुसून काढला, तो परत आलेला नाही. काडीचा एक डोळा, कोंब फुटतो ती जागा, किंचित फुगलाय, निदान मला तरी तसं वाटतं. खिडकी चारच्या ठोक्याला बंद होते, त्यात एका मिनिटाचा फरक नसतो. काल बघते तर कुंडीला सासऱ्यांचा मफलर गुंडाळलेला. तो ओला नाही ना, एवढं पाहिलं आणि तसाच राहू दिला.