चार नंबरची पाटी

बायेगोन गावच्या फुटबॉल मैदानावर धुकं नदीकडून येतं आणि कुणालाही न विचारता आत शिरतं. मे महिन्यातल्या त्या रविवारीही ते आलं होतं. भर दुपारचे बारा वाजले होते, तरी पलीकडचा गोल दुधात बुडवल्यासारखा दिसत होता. एलादियो कुएर्वोला हे धुकं फार आवडायचं. त्यात उभं राहिलं की गुडघे दुखतात हे तो विसरायचा आणि आपण अजून रेषेच्या आत आहोत असं त्याला वाटायचं.

एकेकाळी तो खरंच आत होता. पहिल्या विभागात एकोणीस सामने आणि एक गोल, तोही ढुंगणाला लागून गेलेला. मग एकेक पायरी उतरत तो याच क्लबात येऊन थांबला. खेळणं सोडून बूट काढले तेही इथंच. त्यानंतरची बावीस वर्षं त्याने अशाच लहान लहान गावांचे संघ सांभाळले, आणि आता फिरून इथंच प्रशिक्षक होता. पोरं त्याला मिस्टर म्हणत, जसं सगळ्याच प्रशिक्षकांना म्हणतात.

त्याला एक स्वप्न वरचेवर पडायचं. सामना चालू आहे, रेषेपाशी खेळाडू बदलायची पाटी वर जाते, पाटीवर लाल चार. त्याचाच नंबर. तो सावकाश बाहेर चालू लागतो, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, आणि चालता चालता रेषा काही केल्या येत नाही.

निरोपाची रीतच आहे ती. बूट काढणाऱ्या गड्याला शेवटच्या सामन्यात शिट्टीच्या आधी बाहेर बोलवायचं, म्हणजे सगळं मैदान त्याच्या एकट्यासाठी उठून उभं राहतं. एलादियोच्या वाट्याला ते आलं नाही. त्याचा प्रशिक्षक, म्हातारा सेलेस्तिनो, विसरला. शिट्टी झाली, लोकांनी गोल करणाऱ्याला खांद्यावर घेतलं, आणि एलादियो एकटाच अंघोळ करून घरी गेला. त्या दिवसानंतर तो म्हाताऱ्याशी एक शब्द बोलला नाही. म्हातारा गेला तेव्हा पोचवायलाही गेला नाही.

आज शुर्देचा शेवटचा सामना होता. शुर्दे म्हणजे कप्तान, वय अडतीस, आठवडाभर बेकरीत पाव भाजणारा, पाठीवर तोच चार नंबर. पंच्याऐंशीव्या मिनिटाला बाहेर काढीन, असा शब्द एलादियोनं त्याला दिला होता आणि एक बदल त्यासाठी राखून ठेवला होता. जे आपल्याला मिळालं नाही ते या पोराला द्यायचंच, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. घोडं एकाच ठिकाणी अडत होतं. सामना बरोबरीत सुटला तर क्लब या विभागात टिकणार होता, हरला तर खाली जाणार होता.

एक-एक अशी बरोबरी होती. पाहुणे उंच उंच चेंडू टाकत होते, आणि धुक्यातून खाली येणारा प्रत्येक चेंडू शुर्देच्याच डोक्यावर येऊन परत जात होता. दुसऱ्या कुणाला ते जमत नव्हतं.

"पंच्याऐंशी झाली," मारूशा म्हणाली. सत्तरीची ही बाई क्लबचे कपडे धुवायची, कागद भरायची आणि पाटीही धरायची.

"थांब जरा."

"अठ्ठ्याऐंशी."

"मारूशा, तो बाहेर आला तर ते डोकं मी कुठून आणू?"

"मला काय विचारतोस पोरा? शब्द तू दिलास."

नव्वदाव्या मिनिटाला पाहुण्यांना कॉर्नर मिळाला. मारूशानं वाट न बघता पाटी वर केली. शुर्देनं ती पाहिली आणि दंडावरची कप्तानाची पट्टी काढायला घेतली. एलादियोनं हात लांब करून पाटी खाली ओढली. शुर्देनं तेही पाहिलं. पट्टी पुन्हा वर सरकवून तो गोलासमोर गेला. चेंडू आला, त्याने डोक्यानं लांब उडवला, आणि शिट्टी झाली.

क्लब टिकला. लोक आत धावले, त्यांनी गोलरक्षकाला उचलून घेतलं. शुर्दे कडेकडेनं निघून गेला. सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, पेला त्याच्यापर्यंत फिरत आला, तो त्याने न पिताच पुढे दिला.

हे पाठमोरं चालणं एलादियोला चांगलं ओळखीचं होतं. तो मारूशाकडे वळला. त्याच्या शेवटच्या सामन्यातही पाटी हिच्याच हातात होती, हे त्याला इतक्या वर्षांत कधी सुचलंच नव्हतं.

"सेलेस्तिनो विसरला नव्हता ना गं?"

"विसरतोय कसला. मी वर केली, त्यानं खाली ओढली. तेव्हाही तुझंच डोकं हवं होतं त्याला."

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"त्याचं नाव काढलं की उठून जायचास तू."

एलादियोनं तिच्या हातातून पाटी घेतली आणि रेषेवर जाऊन दोन्ही हातांनी वर धरली. आधी कुणाचं लक्ष गेलं नाही. मग फाटकाशी पोचलेली एक बाई कोटात एकच हात घातलेली तशीच थांबली. एकेक करत माणसं वळली. गोलरक्षकाला खाली उतरवलं गेलं.

शुर्दे लांब उभा राहून पाहत होता. "सामना संपलाय, मिस्टर," तो तुटकपणे म्हणाला.

"माहीत आहे. आत जा आणि बाहेर ये."

शुर्दे मैदानाच्या मध्यापर्यंत गेला, वळला आणि चालू लागला. धुक्यात टाळ्या ओल्या आणि जवळच्या वाटत होत्या. रेषेपाशी तो आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. त्याने एलादियोला मिठी मारली.

"माझ्या जागी आत कोण जातंय?" त्याने विचारलं.

खरंच, बाहेर कुणी आलं की आत कुणीतरी जावं लागतं. एलादियोनं पाटी त्याच्याकडे दिली आणि रोजच्या बुटांनिशी आत गेला. गवत ओलं होतं. मध्यावर पोचला तेव्हा दोन्हीकडचे गोल दिसेनासे झाले, आणि तो पुन्हा शेवटच्या सामन्यातला पस्तीस वर्षांचा झाला. त्याने मागे वळून पाहिलं. पाटी अजून वरच होती, शुर्देच्या हातात, लाल चार. लोक अजून उभेच होते.

"आता तुम्ही या, मिस्टर," शुर्दे म्हणाला. "सावकाश या."

गुडघ्यांमुळे घाई करणं शक्यच नव्हतं. तो चालत राहिला, टाळ्या वाजत राहिल्या, आणि या वेळी रेषा आली. ती ओलांडताना त्याने मारूशाला विचारलं, सेलेस्तिनोला कुठं पुरलंय.

"चर्चच्या मागं, भिंतीला लागून," ती म्हणाली. "जाताना त्याच्यासाठी सायडरची एक बाटली घेऊन जा."