पुढचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. जुना म्हणजे मोडका नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. आदिलाबादच्या जंगलातलं अस्सल सागवान आहे मी. वाळवीनंसुद्धा माझ्यापुढे हात टेकले. निजामाच्या काळात मला एका तहसील कचेरीच्या दर्शनी भागात बसवलं. येणारा-जाणारा साहेब माझी नक्षी पाहून वाहवा करी. शेतमजुरांना मात्र माझ्यातून यायची मनाई होती. त्यांनी मागच्या बोळातल्या दारानं यायचं. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर चांगलं सुनावलं असतं.

त्यांतलीच एक पोर द्वारका. वडिलांबरोबर ती साहेबाच्या घोड्यासाठी वेठीचं गवत आणायची. एकदा ती माझ्या पायरीवर चढली, तर शिपायानं तिला भाऱ्यासकट खाली लोटलं. ती रडली नाही. माझ्याकडे डोळे वटारून पाहत राहिली.

पुढं आंध्र प्रदेश झाला. कचेरी नव्या इमारतीत गेली आणि मला कुलूप बसलं. बिजागऱ्या गंजल्या, नक्षीत धूळ साचली. मग कितीतरी वर्षांनी सरकारला जाग आली: इमारत ऐतिहासिक आहे, लोकांना पाहायला खुली करा! खुली केली खरी, पण मागच्या दारानं.

पहिल्याच रविवारी द्वारकाबाई आली. केस पांढरे झालेले, सोबत मास्तरीण झालेली लेक मनकर्णा.

"मावशी, मांगून या," चौकीदार डोमाजी म्हणाला. "हा जाम झाला, उघडत नाई."

"काऊन? मांगून तर मी लहानपणी लय डाव आली."

"आई, आतमंदी तेच हाय न. चाल, मांगूनच जाऊ," मनकर्णा म्हणाली.

"मी पाहाले नाई आली, पोरी. पुढून जाले आली."

असं म्हणून ती माझ्या पायरीवर ठाण मांडून बसली.

डोमाजीनं डोकं खाजवलं आणि कुलूप काढलं. मनकर्णानं समोरच्या दुकानातून गोडेतेल आणून बिजागऱ्यांत ओतलं. मागून आत गेलेली माणसं हसत हसत मला आतून ओढू लागली, द्वारकाबाईनं बाहेरून खांदा लावला. मी असा करकरलो की छपरावरची कबुतरं उडाली. पण उघडलो!

द्वारकाबाई ताठ मानेनं आत गेली. साहेबाची खोली तिनं धड पाहिलीही नाही. सरळ मागच्या दारापाशी गेली, त्याला आतून कडी घातली आणि पुन्हा माझ्यातूनच बाहेर आली. मला भरून आलं, त्यात लाजायचं काय?

मित्रांनो, जुन्या वास्तू जपा म्हणतात. जरूर जपा. माझी धूळ पुसा, बिजागऱ्यांना तेल घाला. पण मला नुसतं पाहायला ठेवू नका. आणि पुन्हा कधी मी अडलो, तर कुणाला मागून पाठवायचं नाही. मला ढकलायचं.