तेजो नदीकाठची बिननावाची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. आज मला पाहाल तर दार म्हणाल, आणि तेही खोटे नाही, कारण माझी सुरुवात दारानेच झाली. माझे लाकूड अंगोलाच्या जंगलातले. लुआंडा शहरात शिवणकाम करणाऱ्या देओलिंदाच्या घराला मी हिरव्या रंगाचे दार होऊन उभी होते. तिचा कुत्रा फारुश्कू बाहेर राहिला की माझे खालचे अंग पंज्यांनी ओरबाडायचा. मला त्याचा भारी राग यायचा.

१९७५ साली तिथले पोर्तुगालचे राज्य संपले. कधीकाळी गलबतांतून येऊन तो मुलूख बळकावणाऱ्यांचे वंशज आता हाती लागेल ते बांधून निघाले. शहरभर खिळे ठोकल्याचे आवाज येत. सगळ्यांनाच पेट्या हव्या होत्या आणि फळ्या कुठेच मिळेनात. शेवटी सापालो सुताराने मला बिजागऱ्यांतून काढले, पलंगाच्या फळ्यांना जोडले, किल्लीच्या भोकात बुचाचा तुकडा ठोकला. माझी हिरवी बाजू आत गेली.

"दार न्या बाई," सापालो म्हणाला. "घर इथंच राहील. आता त्यात आम्ही राहू."

देओलिंदाचा जन्म तिथलाच, पण जमीन कोणाची हे तिला ठाऊक होते. फारुश्कूला तिने सापालोच्या हवाली केले आणि पाठ फिरवून डोळे पुसले.

माझ्या पोटात तिचे शिलाई मशीन बसवले. नव्या ठिकाणी नवरा-बायकोचे पोट त्याच्यावरच चालणार होते. बाजारातला रंग संपलेला, म्हणून तिच्या नवऱ्याने, सिल्विनोने, माझ्यावर चुन्यानेच नाव लिहिले.

"पावसात टिकेल का रे हे?" तिने विचारले.

"बोटीच्या पोटात कुठला आलाय पाऊस?"

पोर्तुगालच्या लिस्बन शहरात तेजो नदीच्या काठावर आम्हा पेट्यांचे डोंगर रचले होते. शेजारीच जुन्या दर्यावर्दींचे भले मोठे स्मारक. ती दगडी माणसे अजून निघण्याच्या तयारीत, आणि त्यांच्या पायाशी आम्ही परत आलेल्या. पाऊस लागला आणि माझे नाव धुऊन गेले. आजूबाजूच्या पेट्यांचे मालक येत, त्यांना घेऊन जात. मी तिथेच. आतले मशीन गंजेल या विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता.

एके दिवशी ती दोघे आली. पेट्यांच्या रांगांतून फिरता फिरता देओलिंदाचे बोट माझ्या बुचावर येऊन थांबले.

"नाव कुठंय?" पहारेकऱ्याने विचारले. "बिननावाच्या पेट्या उद्या गोदामात जाणार. मग कोणाच्या हाती लागतील, सांगता येत नाही."

"आमचीच आहे हो मामा. आत शिलाई मशीन आहे."

"बाई, इथं दर दुसऱ्या पेटीत मशीनच आहे."

"कुठला आलाय पाऊस, नाही का?" देओलिंदा नवऱ्याला म्हणाली. सिल्विनो बुटांकडे बघत राहिला.

मग तिने माझ्यावर हात ठेवला. "मामा, हे माझ्या घराचं दार आहे. आतून हिरवं असेल, आणि त्यावर कुत्र्याच्या पंज्यांचे ओरखडे असतील. नसले तर मी मुकाट्यानं जाते."

पहारेकऱ्याने पहारीने एक फळी उचकटली. वाकून, काडी पेटवून त्याने आत पाहिले.

"कुत्रा मोठा होता का?" त्याने विचारले.

"नाही हो. हट्टी होता."

"न्या घेऊन," तो म्हणाला.

देओलिंदा माझ्यावरच बसली आणि रडता रडता हसू लागली. मशीन तेलकट कापडात कोरडे ठणठणीत होते. इतके हलके मला जंगल सोडल्यापासून वाटले नव्हते.

पुढे सेतुबाल गावात तिने शिवणकामासाठी एक खोली घेतली. खोलीला दार नव्हते. सिल्विनोने मला उलगडून पुन्हा बिजागऱ्यांवर चढवले, आणि तेव्हापासून मी इथेच उघडते, मिटते आहे.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले. मला अधूनमधून तेल द्या, बिजागऱ्या आवळा, हवा तर रंगही लावा. पण रंगापूर्वी पॉलिशपेपर घेऊन बसाल, तेव्हा खालचे ओरखडे मात्र घासू नका. ज्याला आम्ही मागे सोडून आलो, त्यानेच आम्हाला घरी पोहोचवले.